‘काही विचारू नका’ असं टिंगबाई म्हणाल्या

कार्यालयाच्या खिडकीशी बसणाऱ्या त्या बाईंना शाळेतली मुलं टिंगबाई म्हणायची. तोंडावर नाही हं, तोंडावर सगळी ‘मावशी, मावशी’ करत. पण त्यांनी खिडकीमागून फोनवर बोट टेकवलं की शेकडो घरांत एकाच वेळी ‘टिंग’ वाजे. कुणाच्या ओट्यावर, कुणाच्या उशाशी, कुणाच्या दुकानाच्या गल्ल्यावर. नाव पडलं ते पडलंच. बाईंनाही ते ठाऊक होतं. मुलांनी मास्तर लोकांना ठेवलेली नावं ऐकल्यावर त्या म्हणायच्या, त्या मानानं देवानं माझ्यावर दयाच केली.

सहावी ते आठवीच्या घरांना शाळेची खबर पोचवायची, हे त्यांचं काम. पूर्वी चिठ्ठ्या जात. त्या मुलांच्या खिशातून थेट धुण्यात पडत आणि लगदा होऊन दोरीवर वाळत. मग घरोघर फोन आले, इयत्तावार ग्रुप झाले, आणि टिंगबाईंच्या हाती एक काळी पाटी आली, खिशात मावणारी.

वरून येणारा मजकूर दगडासारखा असे. ‘उपरोक्त विषयास अनुसरून पालकांना अवगत करण्यात येते की’ एवढ्यावरच निम्मे पालक गळून पडत. टिंगबाई तो दगड फोडून खडी करत. लिहून झालं की शिपाईदादांना हाक मारत. दादा किल्ल्यांचा जुडगा सावरत खिडकीशी उभे राहत, बाई मोठ्यानं वाचत आणि शेवटी विचारत, कळलं का? दादा ‘म्हंजे काय?’ म्हणाले की पुन्हा लिहायचं. नुसतं ‘बरं’ म्हणाले की बाई क्षणभर डोळे मिटत, देवाचं नाव घेत आणि बोट टेकवत. कुणी हसलं तर म्हणत, एवढ्या घरांत शिरायचंय, त्याला विचारून शिरलेलं बरं.

या पद्धतीनं त्यांनी वर्षानुवर्षं लोकांचा विश्वास कमावला होता. टिंगबाईंनी स्वेटर म्हटलं की स्वेटर, डबा म्हटलं की डबा. शाळेसमोरचा बेकरीवाला, ज्याची थोरली लेक आठवीत होती, रोज खिडकीवरून जाताना कोपरापासून हात जोडायचा. ‘आज काय हुकूम, सरकार?’ टिंगबाई चष्म्यावरून बघत आणि त्याला म्हणत, तुमच्या पावासारखा नाही माझा हुकूम, रोज फुगायला.

ग्रुपमध्ये कोण आहे याचा मात्र त्यांनी कधी फारसा घोर लावून घेतला नव्हता. एखाद्या आईचा फोन बिघडला की मामाचा नंबर यायचा, बाप परगावी गेला की आजोबांचा. ‘अमकीचा काका’ म्हटलं की घ्यायचं आत. घरचं माणूस, त्याला दारात उभं करून काय विचारायचं?

त्या वर्षी मुलांची परीक्षा पहिल्यांदाच संगणकावर होणार होती. पालकांच्या पोटात मुलांपेक्षा मोठा गोळा. रोज फोन: माउस डाव्या हातानं चालतो का, वीज गेली तर मार्क जातात का. घराघरांतून एकच कहाणी येत होती. मूल दारातून आत आलं की चार माणसं त्याच्या अंगावर, काय केलंस, किती झालं, चेहरा का पडलाय. एका मुलानं तर उत्तर द्यायचं टाळायला जेवणच टाळलं. म्हणून टिंगबाईंनी परीक्षेच्या सूचनांत स्वतःच्या मनानं एक ओळ घातली.

त्याच दिवशी वरून दुसरा कागद आला, मुलांच्या ऑनलाइन सुरक्षिततेचा, आणि याच आठवड्यात कळवा असा त्यावर शेरा. शिपाईदादा त्या दिवशी सुट्टीवर होते. बहीण आजारी होती. दोनदा टिंग वाजवून आधीच घाबरलेल्या लोकांना कशाला दचकवा, असं म्हणून बाईंनी दोन्ही कागदांचा मिळून एकच निरोप केला. वर परीक्षा, खाली सुरक्षितता. वाचून दाखवायला कुणी नव्हतं. देवाचं नाव घेतलं आणि धाडला.

अंगठ्यांचा आणि जोडलेल्या हातांचा पाऊस पडला. एका आईनं लिहिलं, देव तुमचं भलं करो, आमच्या घरात किती दिवसांनी शांतता झाली. संध्याकाळी टिंगबाईंच्या यजमानांनी, जे घड्याळं दुरुस्त करत आणि ग्रुपमध्ये नसूनही सगळं वाचत, जेवताना मान खाली घालून विचारलं, मीठ कुठंय तेवढं विचारलं तर चालेल का, की आठवडाभर अळणी खायचं?

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळचं सत्र अर्ध्यावर आलं असताना, गणिताचे सर एका मुलीला घेऊन कार्यालयात आले. एका हातात त्यांनी तिचा खांदा धरला होता, घट्ट नाही, पण सोडलाही नव्हता. दुसऱ्या हातात फोन.

मुलगी सातवीतली. अंगानं एवढीशी, पाठीवर स्वतःहून मोठं दप्तर, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. वर्गात बोट वर करायच्या आधी दोनदा विचार करणारी पोर. फाटकाशी सगळ्यांचे फोन पेटीत जमा होत होते. तिनं पेटीत घरातला बंद पडलेला जुना फोन टाकला होता आणि चालू फोन मोज्यात लपवला होता. सरांनी तिला संगणकाच्या पडद्याचा फोटो काढताना पकडलं.

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, आतल्या खोलीतून बाहेर आल्या. त्या कडक होत्या, पण वाईट नव्हत्या. आवाज न चढवता त्यांनी मुलीला विचारलं, का केलंस. मुलगी जमिनीकडे बघत राहिली. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मग मोठ्या बाईंनी श्वास सोडला आणि नियम सांगितला. परीक्षा मंडळाला आजच कळवायचं. प्रश्न बाहेर गेल्याचा संशय आला तर सबंध तुकडीची परीक्षा रद्द होऊन पुन्हा होणार. घरांनाही आजच कळवायचं, शाळा सुटायच्या आत. नाहीतर पोरं सांगतील ते खरं होईल.

त्यांनी उभ्या उभ्या मजकूर सांगितला आणि टिंगबाईंनी तो लिहून घेतला. आज सातवीच्या एका विद्यार्थिनीकडे परीक्षेच्या खोलीत फोन सापडला, त्यामुळे तुकडीची परीक्षा पुन्हा होण्याची शक्यता आहे. नाव नव्हतं. पण सगळ्यांदेखत उठवून आणलेली मुलगी एकच होती. नाव न घालणं म्हणजे डोकं झाकून पाय उघडे टाकण्यासारखं.

मोठ्या बाई म्हणाल्या, आईला बोलवा, ती आली की आधी तिला सांगू, मग निरोप सोडा. आणि त्या मंडळाला फोन लावायला आत गेल्या. सर परीक्षेच्या खोलीत परतले. मुंगी भिंतीशी बाकावर बसली. फोन टिंगबाईंच्या टेबलावर, पत्र्याच्या तबकात.

तो फोन थरथरला.

पत्र्यावर ठेवलेला, त्यामुळे आवाज मोठा झाला. टिंगबाईंनी सहज वर पाहिलं. मुंगीचे खांदे कानांपर्यंत गेले होते. थोड्या वेळानं फोन पुन्हा थरथरला. पुन्हा खांदे.

टिंगबाईंनी आजवर या बाकावर पकडलेली पोरं पुष्कळ पाहिली होती. पकडलेलं पोर दाराकडे बघतं, आई कधी येते म्हणून. नाहीतर मोठ्या बाईंच्या खोलीकडे बघतं. ही पोर दोन्हीकडे बघत नव्हती. तिची नजर त्या तबकावर खिळली होती, अंगणात साप बघितलेलं माणूस बघतं तशी.

बाईंनी तबकाखाली दुमडलेलं फडकं सारलं. आवाज बसला, पण थरथर दिसत होतीच.

मुंगीची आई शिलाईच्या कारखान्यात कामाला होती. घरी दोघीच. कारखान्यात फोन कपाटात ठेवावे लागत, म्हणून टिंगबाईंनी मुकादमाचा नंबर लावला. तो म्हणाला, जेवणाच्या सुट्टीत सांगतो. बाई म्हणाल्या, घराला आग लागली असती तर सुट्टीपर्यंत थांबला असतात का? तसंच समजा. मग बराच वेळ यंत्रांची घरघर ऐकू येत राहिली, आणि शेवटी एक धाप लागलेला आवाज.

टिंगबाईंनी जेवढं सांगायचं तेवढंच सांगितलं. मुलगी धडधाकट आहे, समोर बसली आहे, परीक्षेत फोन सापडला, या तुम्ही. आई रडेल किंवा रागावेल, असं त्यांना वाटलं होतं.

“मला दिसत होतं, ताई,” आई म्हणाली. “जेवत नव्हती. पांघरुणात तोंड घालून रडायची. मी दोनदा विचारायला गेले आणि मागे फिरले. तुम्हीच लिहिलं होतं ना, या आठवड्यात मुलांना काही विचारू नका म्हणून.”

निघालेच मी, असं म्हणून तिनं फोन ठेवला.

टिंगबाईंनी आपला तो निरोप उघडला. शिपाईदादांना वाचून दाखवतात तसा ओठ हलवत वाचला. वर, परीक्षेखाली, त्यांच्या मनाची ओळ: ‘मुलांचा चेहरा कसाही दिसो, या आठवड्यात त्यांना काही विचारू नका, शांत राहू द्या.’ आणि खाली, सुरक्षिततेत, वरून आलेल्या कागदातली ओळ: ‘मुलं फोनवर कुणाशी बोलतात हे रोज विचारा.’ एकाच निरोपात. एका हातानं दार उघडलं आणि दुसऱ्यानं लावून घेतलं. लोकांनी दोन्ही वाचलं असणार आणि जे सोपं ते घेतलं असणार. माणूस तेच करतो. त्यातही हा हुकूम टिंगबाईंचा, मोडायचा कुणी?

त्या दिवशी दादा असते तर ‘म्हंजे काय?’ म्हणाले असते.

तबकातला फोन थरथरला. टिंगबाई उठल्या. खिडकीमागची खुर्ची सोडून बाकावर जाऊन बसल्या, पोरीला लागून. समोर बसलं की पोरं मिटतात, हे त्यांना स्वतःच्या लेकीवरून ठाऊक होतं. दोघी मिळून त्या तबकाकडे बघत राहिल्या.

“मुंगे,” त्या म्हणाल्या, “त्या फोनमध्ये कोण बसलंय?”

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकला. पोरीनं घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा तबकाकडे, आणि इतक्या हळू बोलली की बाईंना कान द्यावा लागला. मधल्या सुट्टीपर्यंत, ती म्हणाली. मधल्या सुट्टीपर्यंत पाठवला नाही तर तो सगळ्यांना पाठवणार.

एकदा धागा सुटल्यावर सगळा गुंता सुटला. परीक्षेचे सराव प्रश्न फुकट देणारा एक ग्रुप होता. त्यात एक अनोळखी माणूस होता, सगळ्यांचा ‘दादा’. गणित समजावून सांगायचा, शाबासकी द्यायचा, आई कामावरून किती वाजता येते ते विचारायचा. एकदा म्हणाला, हुशार मुलींचे फोटो लावतोय, तुझा दे. तिनं शाळेच्या गणवेशातला दिला. मग परीक्षा जवळ आली आणि त्याचा सूर बदलला. मी तुला एवढे प्रश्न दिले, आता तू मला खरे दे, पडद्याचा फोटो काढून. ती नाही म्हणाली. त्यानंतर त्यानं तिला एक फोटो पाठवला.

“चेहरा माझाच आहे,” मुंगी म्हणाली. “बाकी मी नाहीये, मावशी. देवाशप्पथ मी नाहीये.”

टिंगबाईंचं मन आतून हललं, पण त्यांनी चेहरा हलू दिला नाही. पोर आधी तोच वाचणार होती. सगळ्यांना म्हणजे कुणाला पाठवणार, असं त्यांनी विचारलं. मुंगीनं बोट उचललं आणि टेबलावरच्या दुसऱ्या फोनकडे केलं. टिंगबाईंच्या फोनकडे.

पालकांच्या ग्रुपवर. त्यानं आत यायची लिंक मागितली होती आणि तिनं भीतीनं दिली होती.

मधल्या सुट्टीला फार वेळ उरला नव्हता. बाईंनी फोन उचलला आणि सातवीच्या ग्रुपातली नावं वर सरकवायला लागल्या. आया, बाप, आज्या, कुणाकुणाचे काका. शेवटी, अगदी अलीकडे आलेला, एक नंबर. खाली त्यांनी स्वतःच तेव्हा विचारलेलं दिसत होतं, कोण आपण. उत्तर, मुंगीचा मामा. आणि त्याखाली त्यांचेच जोडलेले हात, या या.

मुंगीच्या आईला भाऊ नव्हता. हे टिंगबाईंना पोरीला विचारावंसुद्धा लागलं नाही. प्रवेशाच्या वेळी आईनंच खिडकीशी सांगितलं होतं, आम्हाला पुढंमागं कुणी नाही. त्यांनी ऐकलं होतं आणि विसरल्या होत्या.

त्यांनी शिपाईदादांना हाक मारली. संगणकाच्या सरांना बोलवा, दुसऱ्या कुणाला तरी तिथं उभं करून या म्हणावं, वाट्टेल ते झालं तरी. दादांनी दोघींच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि जाता जाता थबकले. म्हणाले, ताई, मधल्या सुट्टीची घंटा माझ्याच हातात आहे. उशिरा देऊ का?

“दादा,” टिंगबाई म्हणाल्या, “तो घंटेवर नाही बसलेला. घड्याळावर बसलाय.”

दादा धावत गेले. किल्ल्यांचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू आला.

ग्रुप बंद करता येतो, कुणालाच लिहिता येत नाही असा करता येतो, एवढं बाईंना माहीत होतं. संगणकाचे सर एकदा करून दाखवत होते तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, राहू द्या, लोकांना बोलू द्यावं. आता ते कुठं असतं ते आठवेना. चष्मा घामानं नाकावरून घसरत होता. एक दाबलं तर ग्रुपचं चित्र बदलायचं आलं, दुसरं दाबलं तर सगळ्यांचे वाढदिवस. देवा, त्या पुटपुटल्या, आता बोट तूच धर. शेजारून एक बारीक हात पुढे आला. मुंगीनं वरच्या कोपऱ्यात दाबलं, खाली सरकवलं आणि एक ओळ दाखवून हात मागे घेतला. ‘फक्त ॲडमिन लिहू शकतील.’

टिंगबाईंनी बोट टेकवलं. मग सहावीचा ग्रुप, मग आठवीचा.

संगणकाचे सर आले तेव्हा त्या ‘मुंगीच्या मामा’ला काढून टाकायच्या बेतात होत्या. सरांनी त्यांचा हात धरला. काढू नका, ते म्हणाले, आधी त्याचा नंबर टिपा, पडद्याचे फोटो घ्या. मुलीच्या फोनमधलंही काही पुसू नका, त्याला उत्तर देऊ नका. चोर पळाला आणि पाऊलखुणाही आपणच झाडून टाकल्या तर पोलिसांना काय दाखवणार? सरांच्या कपाळावरही घाम होता. पण ते मुलीशी हळू बोलले, तिला विचारून मगच फोन हातात घेतला, आणि पडद्यावर काय आहे ते तिला दिसणार नाही असा धरला.

घंटा झाली, वेळेवर. दारापाशी पोरांचा लोंढा वाहायला लागला. मुंगीचा फोन थरथरला, लगेच पुन्हा, पुन्हा, इतका की सरांना तो टेबलावर ठेवावा लागला. त्याला ग्रुपवर टाकता येत नव्हतं, हे त्याला कळलं होतं. मग थरथर एकदम थांबली. ते थांबणं जास्त वाईट होतं. टिंगबाईंनी पोरीचा हात धरला.

तेवढ्यात आई आली. बाहीवर दोऱ्यांचे तुकडे, पायात कारखान्यातल्याच सपाता. मोठ्या बाई आतून बाहेर आल्या, आईला बसा म्हणाल्या. आई बसली नाही. ती मुलीकडे जायला निघाली आणि तिच्या पिशवीत टिंग वाजलं.

सगळ्यांना कळलं. तिचा नंबर ग्रुपात होता. चोराच्या हाताशी सगळी यादी होती. मुंगीनं आईच्या पिशवीकडे पाहिलं आणि तोंडावर दोन्ही हात घेतले. टिंगबाई म्हणाल्या, बाई, आत्ता बघू नका. पण आई ती आईच. तिनं फोन काढला आणि पाहिला.

बाहेर पोरं ओरडत होती. आईनं फोन पालथा करून टेबलावर ठेवला, बाकाशी गेली, मुलीच्या तोंडावरचे हात बाजूला केले आणि तिची वेणी उचलून मान पाहिली, जणू ती आजच जन्मलीय.

“तुझ्या मानेवर तीळ आहे,” ती म्हणाली. “त्यात कुठाय? ही तू नाहीस. एवढं मला कळणार नाही होय गं?”

मग मुंगी रडली, मोठ्यानं, लहान पोर रडतं तशी. टिंगबाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

सगळी हकिगत ऐकल्यावर पुढचं मोठ्या बाईंनी हातात घेतलं. संगणकाचे सर आईला आणि मुलीला घेऊन पोलिसांकडे जाणार असं ठरलं. मंडळाला मात्र आता लेखी कळवावं लागेल, त्या म्हणाल्या. फोन आत आला, फोटो निघाला, हे मी लपवणार नाही. पण का निघाला तेही लिहीन. तिला पुन्हा बसू देतील की नाही, माझ्या हातात नाही. पत्राखालची सही माझ्या हातात आहे. मग त्या टिंगबाईंकडे वळल्या आणि म्हणाल्या, घरांनाही आजच कळवलं पाहिजे. आपण खोटं नाही लिहायचं.

“खोटं नको,” टिंगबाई म्हणाल्या. “पण अर्धंही नको. अर्धं मी एकदा लिहून बसलेय.”

आणि त्यांनी आपला तो निरोप मोठ्या बाईंपुढे धरला. मोठ्या बाईंनी वाचला. दोन्ही ओळींवर त्यांची नजर जाऊन आली. मग म्हणाल्या, हा माझ्याही डोळ्यांखालून गेला होता.

लिहायचं काय ते टिंगबाईंनी आधी आईला सांगितलं. आई म्हणाली, मला नका विचारू, हिला विचारा. मुंगी डोळे पुसत होती. माझं नाव नको, ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, पण त्या ग्रुपमध्ये आमच्या शाळेच्या अजून मुली आहेत, त्यांना कळलं पाहिजे.

अजून मुली. म्हणजे अजून किती घरांत या आठवड्यात पांघरुणात रडणं चाललं असेल, आणि आया दारापर्यंत जाऊन मागे फिरत असतील, कारण टिंगबाई म्हणाल्या.

मायलेकी सरांबरोबर गेल्या. बाई लिहायला बसल्या. दोनदा पुसलं, तिसऱ्यांदा शिपाईदादांना हाक मारली. दादा जुडगा सावरत उभे राहिले आणि बाईंनी वाचलं.

‘परवा मी लिहिलं होतं, मुलांना काही विचारू नका. ते माझं चुकलं. आज मूल घरी आलं की विचारा, तुला फोनवर कुणी घाबरवतंय का. उत्तर काहीही आलं तरी आधी जवळ घ्या, रागवायचं ते नंतर. सराव प्रश्न देतो म्हणून एक माणूस आपल्या मुलामुलींना गाठतोय. त्यांचे साधे फोटो घेऊन त्यांचे घाणेरडे खोटे फोटो करतोय. असा फोटो आला तर पुढे धाडू नका, त्या मुलाला नावं ठेवू नका. फोनमधलं पुसू नका, तसाच घेऊन या. परीक्षा मंडळाला शाळेनं कळवलं आहे. सातवीची परीक्षा कदाचित पुन्हा होईल, त्याचा राग मुलांवर काढू नका. मी खिडकीशी आहे, शेवटचं माणूस येईपर्यंत.’

कळलं का, असं त्यांनी विचारलं. दादा ‘बरं’ म्हणाले नाहीत, ‘म्हंजे काय’ही म्हणाले नाहीत. जुडग्यातली एक किल्ली बोटांत फिरवत राहिले. मग म्हणाले, आमची नातपण फोन घेऊन गच्चीत बसती हल्ली. विचारतो.

टिंगबाईंनी डोळे मिटले. या वेळी नाव घेऊन झाल्यावरही लगेच उघडले नाहीत. मग बोट टेकवलं.

एरवी लगोलग अंगठे येत. आज ग्रुप बंद होते, कुणाला काही लिहिता येत नव्हतं. निरोप विहिरीत दगड टाकावा तसा गेला आणि खालून आवाज आला नाही. शाळा सुटली. पोरं फाटकाबाहेर सांडली. टिंगबाई खिडकीशी बसून राहिल्या. यजमानांचा फोन आला, येतेस ना, म्हणून. त्यांनी सांगितलं, जेवून घ्या, मीठ डाव्या फळीवर आहे.

शिपाईदादांनी वरच्या वर्गांना कुलपं लावली आणि खाली येऊन दिवा लावला. कुणी आलं नाही. टिंगबाईंच्या मनात आलं, आता आपल्या शब्दाला पहिल्यासारखी किंमत राहिली नाही बहुतेक. चुकलं म्हणणाऱ्याचं कोण ऐकतं?

खिडकीबाहेर सपातांचा आवाज झाला. बेकरीवाला होता. हातांना पीठ तसंच, अंगात कामावरचा जाळीचा बनियन. तो कोपरापासून हात जोडेल म्हणून बाईंनी सवयीनं चष्म्यावरून पाहिलं. त्यानं हात जोडले नाहीत. मागे त्याची थोरली उभी होती, बापाच्या सावलीत अर्धी, मूठ छातीशी घट्ट. मुठीत फोन.

“बाई,” तो म्हणाला आणि लेकीला हलकेच पुढे घेतलं. “तुम्ही लिहिलंत तसं विचारलं.”

टिंगबाईंनी खिडकीतून मान बाहेर काढून पाहिलं. रस्त्यापलीकडून एक बाई पोरीचा हात धरून येत होती, आणि तिच्या मागून आणखी कुणीतरी, झपाझप.

त्यांनी दादांना दुसरा बाक आणायला सांगितला, उठल्या, आणि खिडकीशेजारचं दार सताड उघडलं.